घरी परतलेल्या रुग्णासाठी धोक्याची घंटा

खापरखेड्याच्या औष्णिक विद्युत केंद्राची क्षमता १,३४० मेगावॅट आहे. अशा केंद्रात बॉयलरचे तपमान किंवा वाफेचा दाब मर्यादेबाहेर जाऊ लागला, की नियंत्रण-कक्षात घंटा वाजते आणि मोठा बिघाड होण्यापूर्वीच माणसे सावध होतात. पण विद्यार्थी मित्रहो, कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या रुग्णासाठी अशी घंटा कोण वाजवणार?

विदर्भात पुष्कळांना खर्रा खाण्याची सवय असते. त्यातील तंबाखू आणि सुपारी या दोहोंमुळे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. शस्त्रक्रियेत जिभेचा किंवा जबड्याचा भाग काढावा लागला, तर काही काळ रुग्णाला नीट बोलता येत नाही. खापरखेड्याहून नागपूर सुमारे २० किलोमीटर. जखम चिघळू लागली तरी 'पुढच्या तपासणीला दाखवू' म्हणून घरचे थांबतात. जंतुसंसर्ग मात्र थांबत नाही.

येथे मोबाइल उपयोगी पडतो. जगात अनेक ठिकाणी रुग्ण रोज पडद्यावरील प्रश्नांना बोटाने उत्तरे देतो. वेदना ० ते १० पैकी किती? ताप किती? गिळता येते का? जखमेचे छायाचित्रही पाठवता येते. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, की परिचारिकेला आपोआप सूचना मिळते. एका आकड्यापेक्षा आकड्यांचा क्रम अधिक सांगतो. वेदना ७, ६, ५ अशी उतरत असेल तर ठीक; ५ वरून पुन्हा ७ झाली, तर तपासणी हवी.

याने खरोखर फरक पडतो का? अमेरिकेतील डॉ. ईथन बाश यांचा ७६६ रुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. हे रुग्ण शस्त्रक्रियेनंतरचे नव्हते; पसरलेल्या कर्करोगावर औषधोपचार घेणारे होते. संगणकावरून लक्षणे कळवणाऱ्या गटातील निम्मे रुग्ण ३१.२ महिन्यांहून अधिक जगले. दुसऱ्या गटात हाच आकडा २६ महिने होता. त्रास लवकर कळला आणि त्यावर लवकर उपाय झाला, हे त्याचे एक संभाव्य कारण.

मात्र यंत्राला सांगावे तेवढेच कळते. 'डॉक्टरांना उगाच त्रास कशाला' म्हणून रुग्णाने वेदना लपवली, तर घंटा वाजणार नाही. सूचना वाचणारा माणूसही पलीकडे हवाच. रक्तस्राव झाला किंवा धाप लागली, तर उत्तरे भरत न बसता रुग्णालय गाठावे.

आजोबांना पडदा वाचता येत नसेल, तर प्रश्न तुम्ही वाचून दाखवा. उत्तर मात्र आजोबांचेच भरा, आपल्या अंदाजाचे नव्हे.