जुन्या पिकअपचा धूर: कॅट, सायलेन्सर आणि खारा वारा

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मध्ये बसवलेला पोलादी डबा असतो. गॅरेजमध्ये त्याला नुसते ‘कॅट’ म्हणतात. डबा कापला की आत मधाच्या पोळ्यासारखी, हजारो बारीक सरळ नळ्यांची सिरॅमिकची वीट दिसते. नळ्यांच्या भिंतींवर अ‍ॅल्युमिनाचा खडबडीत लेप असतो आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारख्या मौल्यवान धातूंचे डोळ्यांना न दिसणारे कण. धूर त्या नळ्यांतून जाताना त्यातला कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेले इंधन ऑक्सिजनशी संयोग पावते. मागे उरतो कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. धातू ही क्रिया घडवून आणतात, स्वतः खर्च होत नाहीत. अट एवढीच की डबा तापलेला हवा. साधारण दोनशे ते तीनशे अंश सेल्सिअसच्या खाली तो जवळजवळ झोपलेलाच असतो.

फ्रान्समध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले अभियंते यूजीन हूड्री यांनी १९५०च्या दशकात मोटारींसाठी असा कन्व्हर्टर तयार केला. तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसे असे आणि शिशाचा थर बसला की कॅट निकामी होतो, त्यामुळे तो लगेच रस्त्यावर आला नाही. अमेरिकेत १९७५च्या मॉडेलपासून तो सर्रास बसू लागला. भारतात १ एप्रिल १९९५पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला आणि शिसेविरहित पेट्रोल देशभर सर्वत्र मिळायला २००० साल उजाडले.

पिकअपचा प्रश्न मात्र डिझेलचा आहे. पेट्रोल गाडीतला ‘थ्री-वे’ कॅट तीन प्रदूषके एकदम हाताळतो, कारण तिथे हवा आणि इंधनाचे प्रमाण सेन्सरच्या मदतीने काटेकोर राखले जाते. डिझेल इंजिनात हवा नेहमीच जास्त असते. त्या जादा ऑक्सिजनमुळे नायट्रोजनची ऑक्साइडे कॅटमध्ये मोडत नाहीत. ती कमी करायला ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणारी व्यवस्था, लागते. काळी काजळीही साधा डिझेल कॅट अडवत नाही. तो कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि काजळीला चिकटलेला तेलकट भाग जाळतो. म्हणून ‘कॅट नवा टाकला तरी गाडी काळीच ओकते’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या मालकाने आधी डब्याकडे नव्हे, इंजिनाकडे पाहायला हवे.

अलिबाग तालुक्यात अशी डिझेल पिकअप सगळीकडे दिसते. थळ, बोडणी, रेवदंडा इथली बर्फातली मासळी, वाडीतले नारळ, पांढरा कांदा, बंगल्यांच्या कामाचे जांभ्याचे चिरे, मंडपवाल्यांचे सामान, सगळे तिच्यावरच चढते. बोलेरो पिकअप, टाटा २०७ आणि २००५ साली आलेली टाटा एस यांच्या जुन्या गाड्या अजून धंद्यात आहेत. जुन्या गाडीच्या पोटाखाली काय असेल, हे ती धुराच्या नियमांच्या कोणत्या भारत स्टेजची (बीएस) आहे यावर ठरते. बीएस-२च्या काळातल्या यांत्रिक पंपाच्या बहुतेक डिझेल गाड्यांना कॅट नव्हताच. तिथे मॅनिफोल्ड, पाईप आणि सायलेन्सर एवढाच संसार. बीएस-३ देशभर लागू झाले २०१०मध्ये आणि त्यानंतरच्या गाड्यांत ईजीआर आणि काही मॉडेलना कॅट दिसू लागला. एप्रिल २०१७पासून देशभर फक्त बीएस-४ विकण्याची मुभा राहिली आणि कॉमन रेल इंजिनासोबत कॅट हा नेहमीचा भाग झाला. १ एप्रिल २०२०च्या बीएस-६ने त्यात काजळी अडवणारा डीपीएफ आणला, कित्येक मॉडेलना युरियाची टाकीही. तेव्हा आपल्या गाडीला मुळात काय बसवलेले होते, हे आरसी आणि कंपनीच्या पार्ट कॅटलॉगवरून पाहिल्याशिवाय फिटरला हात लावू देऊ नये.

जुन्या गाडीला एक फायदा आपोआप मिळाला आहे. बीएस-३च्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भागांपर्यंत गंधक चालत असे, बीएस-४मध्ये ५०, आणि आता पंपावर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये जेमतेम १०. गंधक कॅटच्या धातूवर बसून त्याची धार बोथट करते. ती झीज आता पुष्कळ कमी झाली. भेसळीचे डिझेल भरले तर मात्र हा फायदा हातचा जातो. जळणारे इंजिन ऑइल हे दुसरे विष. ऑइलमधले फॉस्फरस आणि जस्त लेपावर काचेसारखा थर धरतात, म्हणून रिंगा झिजलेल्या, निळसर धूर मारणाऱ्या गाडीला नवा कॅट बसवणे म्हणजे पैसे जाळणे.

धुराचा रंग बरेच सांगतो. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त: तुंबलेला एअर फिल्टर, खराब नोझल, वाढवून ठेवलेला पंप किंवा टर्बोच्या नळीतली गळती. निळा म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर न जळलेले डिझेल किंवा कूलंट आत जाण्याची शंका घ्यावी. हे सगळे दुरुस्त झाल्यावरच कॅटची पाळी यावी. थंड इंजिन बंद ठेवून डब्यावर रबरी हातोडीने हलके टकटक केल्यास आत खडखड ऐकू येत असेल, तर वीट फुटलेली आहे. तुकडे सायलेन्सरच्या तोंडाशी अडकले की गाडी चढावर ओढत नाही, कार्ले खिंडीत भरल्या मालाने दुसऱ्या गियरवर रेंगाळते आणि ॲव्हरेजही घसरते. चांगला फिटर नुसत्या अंदाजावर राहत नाही; कॅटच्या आधी प्रेशर गेज लावून धुराचा दाब मोजतो. दाब जास्त असेल तरच वाट तुंबली आहे.

तुंबण्याला अलिबागचा वापरही हातभार लावतो. वरसोलीहून बाजारापर्यंत आणि बाजारातून परत, अशा छोट्या फेऱ्यांत आणि मासळी उतरेपर्यंत इंजिन चालूच ठेवल्याने कॅट पुरेसा तापत नाही आणि तेलकट काजळी साचत जाते. वडखळकडे मोकळ्या रस्त्यावर भरल्या गाडीने एक लांब फेरी झाली की ती बऱ्याच अंशी जळून जाते. अ‍ॅसिडने ‘कॅट धुऊन’ देणाऱ्यांपासून मात्र लांबच राहावे. अ‍ॅसिड काजळीबरोबर लेपही खरवडते आणि विषारी थराने मेलेला धातू कुठल्याही धुण्याने जिवंत होत नाही.

आता सर्वांत जास्त विचारला जाणारा पर्याय: कॅट काढून सरळ पाईप. बीएस-४ डिझेल पिकअपमध्ये कॅटच्या मागे सहसा सेन्सर नसतो, त्यामुळे तो काढला तरी डॅशबोर्डवर दिवा लागत नाही आणि काम बिनबोभाट उरकते. ‘फुकटात काढून देतो’ म्हणणाऱ्याचा हिशेब साधा असतो: आतल्या प्लॅटिनम-पॅलेडियममुळे त्या डब्याला भंगारात वेगळा भाव मिळतो. मालकाला ताकद मिळते का? धडधाकट कॅट धुराला फारच थोडा अडथळा करतो आणि टर्बो असलेल्या मालवाहू इंजिनात त्याने पडणारा फरक चालकाच्या पायाला जाणवण्याजोगा नसतो. जाणवतो तो फुटलेला कॅट काढल्यावरचा फरक, आणि तो नवा कॅट बसवूनही तितकाच मिळतो. जाड पाईप आणि उघड्या सायलेन्सरने वाढतो फक्त आवाज. डिझेलचा उग्र, डोळे चुरचुरवणारा वासही वाढतो, आणि तो आधी पोहोचतो बाजारपेठेतल्या टपऱ्यांपर्यंत आणि मागच्या दुचाकीवाल्यापर्यंत.

कायद्यातही त्याला जागा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. प्रदूषण आणि आवाजाच्या मर्यादा मोडल्यास कलम १९०(२)खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पीयूसीत डिझेल गाडीचा धूर किती दाट आहे हे मोजतात. बीएस-४आधीच्या गाडीला मर्यादा ६५ एककांची आणि बीएस-४ला ५०ची. तिथे मुख्यतः काजळी मोजली जाते, म्हणून कॅट नसलेली गाडीही कधी कधी पास होते. पण आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस काढावा लागतो आणि तिथे मूळ भाग गायब असल्यास मालकालाच उत्तर द्यावे लागते.

बदलायचाच झाला तर मूळ कंपनीचा कॅट महाग पडतो, पण तो त्या इंजिनाच्या धुराच्या मापाने बनलेला असतो. बाजारातल्या स्वस्त डब्यात धातूचा लेप नावापुरता असू शकतो आणि बाहेरून ते ओळखता येत नाही. ज्या जुन्या गाडीला मुळातच कॅट नव्हता तिला तो उगाच बसवू नये. तोच पैसा नोझल, पंप कॅलिब्रेशन आणि एअर फिल्टरवर घालावा; धूर त्यानेच उतरतो.

पाईप आणि सायलेन्सरच्या बाबतीत अलिबागचा प्रश्न पुण्या-नाशिकच्या गाड्यांपेक्षा वेगळा आहे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, बारमाही खारा वारा, आणि मासळीच्या क्रेटमधून फळीच्या फटींतून खाली ठिबकणारे खारट बर्फाचे पाणी. हे पाणी नेमके तापलेल्या पाईपवर पडते, सुकते आणि मीठ तिथेच सोडते. साधा लोखंडी पाईप बाहेरून असा सडतो आणि आतून धुरातल्या वाफेचे पाणी होऊन. सायलेन्सरच्या तळाशी, वेल्डिंगच्या शिवणीला पहिले भोक पडते ते याच दोन्ही माऱ्यांमुळे. अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला पाईप साध्यापेक्षा बराच टिकतो, जोवर वेल्डिंगने मुलामा जळत नाही. ४०९ जातीच्या स्टेनलेसमध्ये सुमारे ११ टक्के क्रोमियम असते. वरवर तांबूस होतो, पण पाईप तग धरतो. ३०४ जातीत १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, किंमतही त्या मानाने. रोज मासळी वाहणाऱ्या गाडीला ३०४चा पाईप परवडतो. विटा-चिरे वाहणाऱ्या गाडीला मुलाम्याचा पुरे. कोणताही पाईप असो, मासळी उतरल्यावर हौद्याखालून गोड्या पाण्याचा जोरकस फवारा मारायचा, पण पाईप निवल्यावर. तापलेल्या कॅटवर गार पाणी पडले की आतली वीट तडकू शकते. भरतीच्या पाण्यात मागचे चाक घालून माल भरणाऱ्या गाड्यांचे कॅट असेही जाऊ शकतात.

मॅनिफोल्डचे पॅकिंग आणि फ्लेक्सी पाईप हे दोन सांधे दर सर्व्हिसला पाहावेत. इथली गळती कॅटच्या आधीची असते, म्हणजे कच्चा धूर थेट केबिनखाली येतो. पावसात काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपलेल्या चालकाला कार्बन मोनॉक्साइडचा रंग दिसत नाही की वास येत नाही. सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा उमटलेला दिसला तर पॅकिंग त्याच दिवशी बदलून घ्यावे.