आकड्यांचे खेळ (लेखांक ९) : वजाबाकी थांबते कुठे?

गेल्या आठवड्यात जादूच्या चौकोनात भरपूर बेरजा झाल्या. आज वजाबाकी, तीही हातच्याची. मुलांना कागद-पेन्सिल द्या आणि १९०५ ही संख्या लिहायला सांगा. तिचेच अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९५१०, चढत्या क्रमाने मांडले की ०१५९. मोठीतून लहान वजा करायची. जे उरेल त्याचे अंक पुन्हा तसेच मांडायचे आणि पुन्हा वजाबाकी.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

पुढे जायचं म्हटलं तर ६१७४ चे अंक मांडून पुन्हा ७६४१ वजा १४६७, म्हणजे परत ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फार तर सात वजाबाक्यांत ती इथेच येऊन थांबते. फक्त शून्य गाळू नका. २१११ मधून १११२ गेले की ९९९ उरतात. ते ०९९९ असे लिहायचे, नाहीतर गाडी भलत्याच रुळावर जाते.

१९०५ हे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचं जन्मसाल. जन्म डहाणूचा, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरकी. गणितातली पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती. ६१७४ चा हा गुण त्यांना १९४९ मध्ये सापडला. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभरच्या कोडेप्रेमींपर्यंत पोचलं. आज ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

बहुतेक घरांत, आणि शाळांतही, हा खेळ इथेच संपतो. मुलं ‘अरे वा’ म्हणतात, मोठी माणसं समाधानाने वही मिटतात. मला याचं फार वाईट वाटतं. कारण ‘असं का होतं?’ हा प्रश्न पाचवीतल्या मुलाच्याही आवाक्यातला आहे. त्यासाठी चार अंकांवरून तीन अंकांवर यायचं.

८३१ घेऊ. ८३१ − १३८ = ६९३. आता स्थानिक किंमत पाहा. मधला ३ जागचा हलला नाही, त्याचा वजाबाकीशी संबंधच उरला नाही. ८ शतकाच्या घरातून एककात आला, म्हणजे ८०० चे ८ झाले, ७९२ कमी झाले. १ एककातून शतकात गेला, ९९ वाढले. ७९२ वजा ९९, म्हणजे ६९३. हे बरोबर सात वेळा ९९ आहेत आणि ८ वजा १ सुद्धा सातच. तिन्ही अंक सारखे नसलेली कोणतीही तीन अंकी संख्या घ्या, पहिल्या वजाबाकीचं उत्तर म्हणजे ९९ गुणिले सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक. हा फरक १ ते ९ मधलाच असणार. म्हणून शेकडो संख्यांची उत्तरं फक्त नऊ: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१.

या नऊ संख्या कागदावर गोल मांडा. प्रत्येकीची एकेक वजाबाकी करून उत्तराकडे बाण काढा. ०९९ चा बाण ८९१ कडे जातो, ८९१ चा ७९२ कडे. उरलेले बाण मुलांना काढू द्या. सगळे कुठे पोचतात ते मी मुद्दाम लिहीत नाही. नऊ बाण पुरे झाले की हातात आलेली गोष्ट नुसता अनुभव राहत नाही, ती सिद्धता असते. ‘मी दहा संख्या करून पाहिल्या’ आणि ‘आता दुसरं काही घडूच शकत नाही’ यांतलं अंतर मुलाला स्वतःच्या हाताने ओलांडता येतं. कोड्यांनी मुलांना द्यायची सगळ्यांत मोठी गोष्ट मला हीच वाटते, पाठांतर आणि वेग त्यानंतर.

चार अंकांतही हेच चालतं. टोकाच्या अंकांतला फरक ९९९ पट, मधल्या दोघांतला फरक ९० पट, आणि दोन्हींची बेरीज. शक्य उत्तरं ५४. म्हणजे सगळे अंक सारखे नसलेल्या ८,९९१ संख्या पहिल्याच फटक्यात ५४ घरांत गोळा होतात. वर्गाने ५४ वजाबाक्या वाटून घेतल्या तर एका तासिकेचं काम आहे.

दोन अंकांत मात्र थांबाच नाही. ०९ वरून ८१, मग ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९. फेरा चालूच राहतो. पाच अंकांतही सगळ्यांना ओढून घेणारी एकच संख्या नाही. या आठवड्यात मुलांनी ५३९५५ पासून सुरुवात करावी, दोन वजाबाक्या पुरतील. मग ६१९७४ घ्यावी. दोघी एकाच फेऱ्यात शिरतात की वेगवेगळ्या, ते वहीत बाण काढून ठेवा. पुढच्या लेखांकात तिथूनच सुरू करू.