उकिरड्यातील बुरशी आणि फुप्फुसाचा रोग

जुने शेणखत उकरताना जो पांढुरका धुरळा उडतो, तो नाकात गेल्यास दोन शिंका येऊन भागते, असा आम्हां शेतकऱ्यांचा समज आहे. निरोगी माणसापुरता तो बहुतांशी खराही आहे. परंतु सन २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, म्युकर जातीच्या बुरशीने जो अनर्थ केला, तो पाहता मधुमेही शेतकऱ्याने या धुरळ्याचा विचार करणे अवश्य आहे.

ही बुरशी परदेशाहून आलेली नव्हे. माती, कुजका पाला, शेणखत व भिजलेला कडबा हेच तिचे घर. तिचे सूक्ष्म बीजकण रोज आपल्या श्वासाबरोबर आत जातात आणि शरीरातील रक्षक पेशी त्यांचा फडशा पाडतात. मधुमेह बेफाम झाला व त्यावर स्टेरॉइडचा मारा झाला, म्हणजे या पेशी दुबळ्या पडतात. मग बुरशीचे तंतू रक्तवाहिनीत शिरून ती तुंबवितात, व पुढील मांस मरून काळे पडते. 'काळी बुरशी' हे नाव त्यावरूनच पडले. नाक, डोळा व टाळू यांवरील तिचा घाला सर्वांस ठाऊक झाला. फुप्फुसात उतरल्यास मात्र ताप, खोकला, छातीत कळ, थुंकीतून रक्त अशी लक्षणे होतात, आणि ती क्षयासारखी भासतात.

त्या वर्षी अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या औषधाची टंचाई एवढी झाली की औरंगाबाद खंडपीठास त्यात लक्ष घालावे लागले. मे महिन्यात केंद्र सरकारने १८९७ च्या साथरोग कायद्याखाली रोग्यांची नोंद ठेवण्यास राज्यांस कळविले. आमचे आयुष्य महसुली दप्तरात गेले, म्हणून नोंदीची किंमत आम्ही जाणतो. तथापि साथीचा कायदा लागला म्हणून रोग स्पर्शजन्य ठरत नाही. हा माणसापासून माणसास किंवा गुरापासून माणसास लागत नाही.

जनावरांचीही यातून सुटका नाही. बुरसलेल्या वैरणीने गाभण गाय गाभडते, आणि कोंबड्यांची पिले ओल्या भुश्यातील अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीने फुप्फुस बिघडून, चोची वासून धापा टाकीत मरतात.

तेव्हा मधुमेही माणसाने कोरडे खत उपसू नये. घरातील धडधाकट माणसाने, खतावर पाणी शिंपडून व नाकातोंडास फडके बांधून ते काम करावे. गंजीतील बुरसलेला कडबा, वाया कशास घालवावा म्हणून, गुरांपुढे टाकू नये. मधुमेह्यास एका बाजूने नाक चोंदून काळसर स्राव आला, गाल बधिर झाला वा खोकल्यातून रक्त पडले, तर त्याच दिवशी घाटी रुग्णालय गाठावे. मेलेले मांस शस्त्रक्रियेने काढल्यावाचून नुसत्या औषधाने बहुधा भागत नाही, आणि दोन दिवसांच्या दिरंगाईत डोळाही जातो.