नोह रंगमंचावरचे धुके

‘नोह’ हा जपानमधला नृत्यनाट्याचा प्रकार चौदाव्या शतकात कानआमी आणि त्यांचे पुत्र झेआमी यांनी घडवला. मुखवटा घातलेला नर्तक, जमिनीवर बसून गाणारा वृंद, एक बासरी, दोन किंवा तीन तालवाद्ये आणि जवळजवळ रिकामा रंगमंच, एवढीच त्याची सामग्री. अनेक नाटकांतले मुख्य पात्र म्हणजे एखाद्या मृत योद्ध्याचा किंवा स्त्रीचा आत्मा असतो. अशा नृत्याभोवती धुके आणि प्रकाश यांची मांडणी करायची झाली, तर ती कशी करावी? प्रश्न कलेचा असला, तरी त्याच्या उत्तराचा बराच भाग भौतिकशास्त्रात सापडतो. त्यात कलावंतांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

रंगमंचाची मूळ रचना

नोहचा मुख्य मंच साधारण सहा मीटर बाजूचा चौरस असतो. तो हिनोकी या सूचिपर्णी वृक्षाच्या गुळगुळीत फळ्यांचा असतो. चार खांबांवर छप्पर असते आणि मंच बंदिस्त सभागृहात असला तरी ते ठेवतात. प्रेक्षकांच्या डाव्या हाताला एक लांब पूल असतो. नर्तक त्यावरून येतो, म्हणजे जणू परलोकातून इहलोकात येतो. पुलाच्या कडेला पाइनची तीन झाडे असतात. ती मंचापासून दूर जावे तशी लहान होत जातात, त्यामुळे पूल आहे त्याहून लांब भासतो. मंचाभोवती पांढऱ्या खड्यांचा पट्टा असतो. पूर्वी प्रयोग उघड्यावर होत, तेव्हा खड्यांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश छपराखालच्या मंचावर पोहोचत असे. अनेक जुन्या मंचांखाली मातीचे रांजण ठेवलेले असतात, ते पाय आपटण्याच्या नादासाठी. थोडक्यात, इथे वातावरणनिर्मितीची योजना आधीच झालेली आहे. नवी मांडणी तिला धक्का न लावता बसवावी लागते.

मुखवटा आणि प्रकाश

मुखवट्याचे लाकूड हलत नाही, तरीही त्यावरचे भाव बदललेले दिसतात. मुखवटा किंचित वर केला तर त्याला ‘उजळणे’ आणि खाली झुकवला तर ‘झाकोळणे’ अशा अर्थाचे जपानी शब्द आहेत. हा बदल छायाप्रकाशावर बराच अवलंबून असतो. सर्व बाजूंनी प्रखर दिवे लावले, तर सावल्या पुसल्या जातात आणि मुखवटा निर्जीव वाटू लागतो. म्हणून मुख्य प्रकाश एकाच दिशेचा आणि सौम्य असावा.

त्याचा रंगही महत्त्वाचा आहे. नारा येथील कोफुकुजी मंदिरात मशालींच्या उजेडात नोह सादर करण्याची जुनी परंपरा आहे. ज्योतीचे रंगतापमान सुमारे १९०० केल्विन असते, म्हणजे तिच्या प्रकाशात निळ्याचा वाटा फार थोडा असतो. सोने निळा प्रकाश शोषते आणि पिवळा-तांबडा परावर्तित करते. त्यामुळे वेषभूषेतली सोनेरी जर अशा उजेडात उठून दिसते. विजेचे दिवे निवडतानाही हीच उबदार छटा साधावी.

शुष्क बर्फाचे गणित

आता धुक्याकडे वळू. शुष्क बर्फ, म्हणजेच ‘ड्राय आइस’, हा घनरूप कार्बन डायऑक्साइड असतो. त्याचे तापमान उणे ७८.५ अंश सेल्सिअस. गरम पाण्यात टाकताच त्याचा वायू होतो आणि त्या थंडाव्याने वाफेचे सूक्ष्म थेंब बनतात. आपल्याला पांढरे दिसते ते या थेंबांमुळे. कार्बन डायऑक्साइड स्वतः अदृश्यच असतो. त्याचा रेणुभार ४४ आणि हवेचा सरासरी २९, त्यात तो थंड. म्हणून हे धुके जमिनीलगत पसरते आणि नर्तक ढगावरून चालल्यासारखा दिसतो.

पण एक हिशेब करून पाहू. १ किलो शुष्क बर्फापासून सामान्य तापमानाला सुमारे ५४० लीटर वायू तयार होतो, म्हणजे ५ किलोपासून २.७ घनमीटर. सहा मीटर बाजूच्या मंचावर अर्धा मीटर जाडीचा थर धरला, तर त्याचे घनफळ १८ घनमीटर. सगळा वायू त्यातच राहिला, तर त्याचे प्रमाण १५ टक्के होईल! मंच तीन बाजूंनी उघडा असल्याने बराच वायू खाली वाहून जाईल हे खरे. पण एक तृतीयांश जरी उरला, तरी ते प्रमाण ५ टक्के होते. मोकळ्या हवेत ते सुमारे ०.०४ टक्के असते. आठ तासांच्या कामासाठी मान्य मर्यादा ०.५ टक्के आहे आणि ४ टक्के हे तत्काळ धोकादायक मानले जाते.

गायकवृंद तर जमिनीवरच बसलेला असतो, वाकून नमस्कार करतो आणि गाताना खोल श्वास घेतो. शिवाय, धुके विरले म्हणजे वायू गेला असे नाही. थेंबांचे बाष्पीभवन झाले, तरी वायू तिथेच असू शकतो.

अडचणी आणखीही आहेत. नर्तक कापडी मोजे घालून, पाऊल न उचलता सरकत चालतो. ओलसर फळीवर ही चाल बिघडते. मुखवट्याच्या बारीक छिद्रांतून त्याला फार थोडे दिसते. मंचाच्या पुढच्या कोपऱ्यातला खांब पाहून तो आपली जागा ओळखतो. तो खांब धुक्यात हरवला, तर नर्तक मंचावरून खाली पडू शकतो.

पाण्याचे धुके

दुसरा मार्ग जपानमध्येच सापडतो. उकिचिरो नाकाया या शास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये होक्काइदो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिमस्फटिक तयार केला. त्यांची कन्या फुजिको नाकाया यांनी १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात एक अख्खे दालन निव्वळ पाण्याच्या धुक्याने वेढून टाकले. उच्च दाबाचे पाणी अतिसूक्ष्म छिद्रांतून फवारून त्यांनी ते धुके बनवले होते. पुढे १९८० मध्ये अमेरिकन नृत्यरचनाकार ट्रिशा ब्राउन यांच्या नृत्यासाठीही त्यांनी धुके तयार केले.

अशा धुक्यात थेंबाचा आकार निर्णायक ठरतो. स्थिर हवेत थेंब खाली येण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला सुमारे १.२ सेंटिमीटर खाली येतो, म्हणजे तीन मीटरसाठी त्याला चार मिनिटे लागतात. २ मायक्रॉनच्या थेंबाला तेवढ्यासाठी सात तास लागतील, पण पाण्याचा इतका लहान थेंब बहुधा त्याआधीच हवेत विरून जातो. धुके एका जागी हवे असेल, तर मोठे थेंब सोयीचे. मात्र हे थेंब श्वासावाटे आत जात असल्याने पाणी स्वच्छ आणि जंतुरहित हवे.

आमच्या मते धुके मंचावर आणूच नये. ते खड्यांच्या पट्ट्यावर आणि पुलाच्या मागे ठेवावे. मग फळ्या कोरड्या राहतात, खांब दिसतो, गायकांना मोकळा श्वास घेता येतो आणि नर्तकही धुक्याच्या काठाने आल्यासारखा दिसतो. तरंगलांबीहून मोठे थेंब प्रकाशाचे विकिरण मुख्यतः पुढच्या दिशेने करतात. म्हणून दिवे धुक्याच्या मागे, प्रेक्षकांच्या रोखाने पण नजरेआड ठेवावेत. म्हणजे थोडे धुकेही पुरते.

याचा पडताळा वर्गात सहज घेता येईल. खोलीत अंधार करून उदबत्ती लावा. बॅटरीचा झोत धुरातून जाऊ द्या. आधी बॅटरीच्या मागे उभे राहून धूर पाहा, मग पलीकडे जाऊन, झोत थेट डोळ्यांत येणार नाही असे जरा बाजूला उभे राहून पाहा. कुठून धूर अधिक उजळ दिसतो, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या. आणि स्नेहसंमेलनात कोणी शुष्क बर्फ आणणार असेल, तर पहिल्या रांगेत जमिनीवर बसणाऱ्या मुलांसाठी वरचे गणित त्यांच्याकडूनच आधी करवून घ्या.