वीस मिनिटांची नळी

फुरसे चावल्याचा संशय असला, की दवाखान्यात एक अगदी साधी चाचणी करतात. शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढायचे, नव्या कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे आणि नळी वीस मिनिटे जागची हलवायची नाही. मग ती एकदाच तिरपी करून पाहायची. रक्त गोठलेले असले तर रुग्णावर लक्ष ठेवून काही वेळाने चाचणी पुन्हा करतात. ते पातळच राहिले असले, तर विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडवली आहे आणि सर्पविषावरची लस लगेच सुरू करायला हवी. या चाचणीला यंत्र लागत नाही, वीजही लागत नाही. मात्र नळी साबणाने धुतलेली असली तर चांगले रक्तही गोठत नाही. प्लास्टिकची नळी घेतली, किंवा अधीर होऊन मध्येच हलवली, तरी निकालावर भरवसा ठेवता येत नाही.

रत्नागिरी जिल्ह्याला फुरशाची ओळख नव्याने करून द्यायला नको. 1862 साली सरकारने या सापावर बक्षीस लावले, तेव्हा आठवडाभरात लाखाहून अधिक फुरसी मारली गेल्याची नोंद आहे. विंचवाचे तेच. जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्याच्या उत्तरेकडून वाहणाऱ्या सावित्रीच्या वरच्या अंगाला, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध चालते, हे त्यांनी जगाला दाखवून दिले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या उपचारपद्धतीत गोळीइतकेच महत्त्व निरीक्षणाला आहे: पहिले तीन तास दर अर्ध्या तासाला नाडी आणि रक्तदाब पाहायचा, पुढे दर तासाला. एवढा वेळ डॉक्टर एकाच खाटेपाशी बसून राहू शकत नाही. ते काम सिस्टर करते, नाहीतर तिच्या हाताखालचा मदतनीस.

या मदतनिसाच्या शिक्षणाबद्दल आपण फार कमी बोलतो. डॉक्टर व्हायचे तर ‘नीट’ परीक्षा, एवढे घराघरांत ठाऊक असते. पण रक्ताचा नमुना घेणारा, क्ष-किरण काढणारा, डायलिसिसचे यंत्र चालवणारा, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवणारा माणूस कुठे शिकतो, हे बारावीच्या मुलांना कोणी सांगत नाही.

मंडणगड तालुका जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला. रेल्वे गाठायची तर खेडला जावे लागते. बाणकोट, वेळास, म्हाप्रळकडच्या घरांतली तरुण मुले पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरत आली. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, त्यामागे हे स्थलांतरच आहे. गावात मागे राहतात त्या बाया आणि वृद्ध. म्हणजे जिथे शुश्रूषेची गरज वाढते आहे, तिथूनच ती करू शकणारे हात बाहेर जातात.

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत वॉर्डबॉयला ‘मामा’ आणि आयाबाईला ‘मावशी’ म्हणतात. त्यांतल्या कित्येकांचे गाव कोकणात असते. हाक मायेची आहे, पण तिच्याआड या कामातले कौशल्य झाकून गेले. रुग्णाला खाटेवरून चाकाच्या खुर्चीत घेताना आपली पाठ कशी सांभाळायची, लघवीची पिशवी कंबरेच्या खालीच का ठेवायची, रक्ताळलेला बोळा पिवळ्या पिशवीत आणि वापरलेली सुई पांढऱ्या डब्यात का जाते, हे मामा-मावशींना सहसा वर्गात कोणी शिकवले नाही. बघून बघून ते शिकले.

महाराष्ट्रात शिकवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. अकरावी-बारावीच्या ‘एमसीव्हीसी’ या व्यवसाय अभ्यासक्रमाच्या वर्गांतून मेडिकल लॅब टेक्निशियनचा विषय शिकून मुले बाहेर पडली. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, जून 2021 मध्ये, केंद्र सरकारने एक लाख तरुणांसाठी सहा छोटे अभ्यासक्रम काढले: घरी शुश्रूषा, नमुने गोळा करणे, उपकरणे सांभाळणे वगैरे. निकड होती, म्हणून ते निघाले. निकड सरली तरी गरज उरतेच.

कमी शिकलेल्या माणसाला किती शिकवता येते याचा खरा दाखला गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने मोठ्या संख्या मोजता न येणाऱ्या दायांसाठी मण्यांचे एक साधे उपकरण केले. सोबत एका मिनिटाची वाळूची घटिका. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. घटिका रिकामी होण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचलो, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे धरायचे. पुढे गावातल्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले, आणि त्या गावांतले नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले. ‘लॅन्सेट’ने 1999 मध्ये तो अभ्यास छापला, आणि 2011 पासून देशभरच्या आशाताईंकडे हेच काम आले. त्या बायांच्या यशाचे कारण उघड आहे: शिक्षण त्यांच्या गावात आले, हातात काम देऊन झाले आणि नंतरही कोणीतरी नियमाने येऊन त्यांचे काम तपासत राहिले.

मंडणगडच्या मुलीने यातून काय घ्यावे? दहावीनंतर काही महिन्यांचा ‘जनरल ड्युटी असिस्टंट’चा अभ्यासक्रम करता येतो. त्यावर रुग्णालयात मदतनीस म्हणून किंवा घरी रुग्ण सांभाळण्याचे काम मिळू शकते. बारावीनंतर दोन वर्षांचे एएनएम आहे. त्याची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते. प्रयोगशाळेत किंवा क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ व्हायचे, तर पदविका किंवा पदवी हवी. 2021 च्या केंद्रीय कायद्याने त्यासाठी किमान 2000 तासांचे शिक्षण ठरवले आहे. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर ‘टेक्निशियन व्हाल’ असे कोणी सांगत असेल, तर घरच्यांनी फी भरण्यापूर्वी हा आकडा समोर ठेवावा.

आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, किती तास? रबरी हातावर सुई टोचायला शिकणे ही सुरुवात झाली. पण थरथरणाऱ्या, घाबरलेल्या, शीर न सापडणाऱ्या माणसाचे रक्त काढायला माणसेच लागतात. ती मंडणगडच्या ग्रामीण रुग्णालयात रोज येतात. तिथल्या खाटा, दापोलीचे उपजिल्हा रुग्णालय आणि तालुक्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रे यांना जोडून एखादी छोटी तुकडी चालवली, तर वेळासच्या मुलीला शिकण्यासाठी पनवेल-मुंबईत भाड्याची खोली शोधावी लागणार नाही. पावसाळ्यात शेताच्या बांधावर फुरसे चावलेला शेतकरी रात्री आणला जाईल, तेव्हा ती काचेची नळी हातात घेणारी मुलगीही याच तालुक्यातली असू शकेल.