घरच्या संगणकाची जुळणी

सातारा-सांगलीकडील गृहस्थ घरासाठी डेस्कटॉप संगणक जुळवून घ्यावयास निघाला, की त्याची पहिली चौकशी प्रोसेसरविषयी असते, आणि अंदाजपत्रकातील मोठी रक्कम त्यावर व ग्राफिक्स कार्डावर खर्ची पडल्यानंतर जे काही उरेल त्यात एसएमपीएस, म्हणजे घरातील 230 व्होल्टांच्या विजेचे यंत्राला पेलेल अशा 12, 5 व 3.3 व्होल्टांत रूपांतर करणारी पेटी, कशीबशी बसविली जाते. माझ्या मते हा क्रम उलटा असावयास हवा. वैशाखात वळिवाचे ढग गडगडू लागले, की आपल्याकडे वीज जाते, येते आणि येताना कधी क्षीण तर कधी अतिरिक्त दाबाने येते. तो आघात प्रथम सोसते ती हीच पेटी, आणि ती निकृष्ट असली तर स्वतः जळताना मदरबोर्डलाही सोबत नेते.

दुकानात पेटी हातात घेऊन तिच्यावरील लेबल वाचावे. वर 450 वॅट असे ठळक छापलेले असले, तरी 12 व्होल्टच्या रकान्यात 36 अँपिअर असतील तर प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांच्या वाट्याला 432 वॅट येतात. तेथे 18 अँपिअरच असतील तर 216! जुन्या वाड्यांत तीन पिनांचे सॉकेट असूनही अर्थिंगची तार पुष्कळदा जमिनीपर्यंत पोहोचलेलीच नसते, आणि मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागताच बोटांना झिणझिण्या येतात. यंत्र आणण्यापूर्वीच वायरमनकडून त्याची तजवीज करून घ्यावी. यूपीएस अर्थातच हवा.

एवढे झाल्यावर प्रोसेसर. मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार, दुकानाचा जमाखर्च आणि चित्रपट एवढेच प्रयोजन असेल, तर 2021 साली आलेला, 65 वॅटचा आणि अंगचेच ग्राफिक्स असलेला रायझन 5 5600जी पुरेसा आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस एफ हे अक्षर असते, त्याला मात्र स्वतंत्र ग्राफिक्स कार्डावाचून पडद्यावर काहीच दाखविता येत नाही. रायझनच्या या प्रोसेसरला एएम4 सॉकेटचा मदरबोर्ड व डीडीआर4 रॅम लागते, तर 2022 पासूनचे एएम5 केवळ डीडीआर5 स्वीकारते; दोन्ही पट्ट्यांना 288 पिनाच असतात, परंतु मधली खाच किंचित सरकविलेली असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही. पुढे केवळ प्रोसेसर बदलून यंत्राचे आयुष्य वाढविण्याचा मानस असेल, तर आजच थोडे अधिक मोजून एएम5 घ्यावे.

सांगलीच्या गावभागात राहणाऱ्यांनी आणखी एक तरतूद करावी. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 57 फुटांचा टप्पा गाठला, आणि 2021 मध्ये पाणी पुन्हा शहरात शिरले. अशा वेळी तारांत गुंतलेले कॅबिनेट उचलण्यास अवधी मिळेलच असे नाही. म्हणून कागदपत्रांची व छायाचित्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती वरच्या मजल्यावर ठेवावी. पाण्याने झालेले नुकसान कंपनीच्या हमीत बसत नाही. इतर बिघाडांसाठी मात्र प्रत्येक भागाची हमी स्वतंत्र असते, तेव्हा बिलावर एकूण एक सिरियल नंबर दुकानदाराकडून लिहून घ्यावेत.