पाय धुण्याचे मोल

योहानाच्या शुभवर्तमानात पायांचे दोन प्रसंग लागोपाठच्या अध्यायांत येतात. बाराव्यात मरिया येशूच्या पायांना बहुमोल सुगंधी तेल लावते. हे तेल तीनशे दिनारांना विकून पैसा गरिबांना का दिला नाही, असा यहूदाचा सवाल. एक दिनार म्हणजे त्या काळची मजुराची दिवसाची मजुरी. यहूदाचा हेतू शुद्ध नव्हता. परंतु हिशेब चोख होता. तेराव्या अध्यायात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. हे काम दासाचे. म्हणूनच पेत्र संकोचतो. धुतलेल्या पायांत यहूदाचेही पाय होते.

इंग्लंडचे राजे एके काळी गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी गरिबांचे पाय धूत. पुढे धुणे सुटले, नाणी वाटणे तेवढे उरले. याउलट २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोममधील बालबंदीगृहात बारा बंदिवानांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते.

दान उभ्यानेही देता येते. पाय धुण्यासाठी वाकावे लागते. कल्याणकारी राज्याच्या अंदाजपत्रकात दानाची तरतूद होते, वाकण्याची होत नाही. मदतीच्या रांगेत उभा राहणारा माणूस हा फरक नेमका ओळखतो.